चुडाव्याचा पाचवा दगड

१

सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात, एका सोमवारी सकाळी, माझ्या वडिलांनी चुडाव्याच्या रानातल्या पत्र्याच्या खोलीचं कुलूप काढलं आणि ते उंबऱ्यातच थांबले.

खोलीत एक यंत्र होतं. त्यातून कागदाची गुंडाळी मुंगीच्या चालीने सरकत असे आणि शाईची पाच टोकं तिच्यावर पाच रेषा ओढत. पोळ्यापासून त्या रेषा सरळ चालल्या होत्या. रविवारी दुपारी त्यांतल्या चार खाली घसरल्या होत्या. पाचवी होती तशीच होती.

रेष खाली म्हणजे माती आंबट. त्या वर्षी पाऊस नव्हता. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. अशा कोरड्या मातीचे चार कोपरे एका दुपारी आपोआप आंबट होत नाहीत. कोणीतरी काहीतरी केलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, डॉ. बन्सीधर मुळे, पूर्णेच्या रेल्वे गार्डाचे चिरंजीव. बेंगळुरूला शिकले, मग पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागले. सिलिकॉनच्या चकतीवर तांदळाच्या दाण्याएवढी मोजमापाची यंत्रं कोरायची, हे त्यांचं काम. आधी रक्ताचा दाब मोजणारी चिप केली, सुईच्या पोकळीतून जाईल एवढी. ‘यंत्र इतकं लहान हवं, की ज्याला मोजतोय त्याला पत्ता लागू नये,’ असं ते म्हणत. मग त्यांच्या डोक्यात मातीने घर केलं. मातीचा आंबटपणा चाखणारी चिप त्यांनी बनवली आणि तिला नाव दिलं जीभ. ती घेऊन ते आपल्या जिल्ह्यात परत आले. आम्ही परभणीला बिऱ्हाड केलं. चुडावा स्टेशनपासून पायी जाता येईल असं धोंडप्पांचं रान संस्थेने भाड्याने घेतलं. चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक, अशा पाच चिपा वीतभर खोल पुरल्या. बैलाचा पाय पडू नये म्हणून प्रत्येकीवर एक दगड ठेवला आणि लांबून दिसावा म्हणून त्याला चुना फासला. मधल्या दगडाभोवती आणि पत्र्याच्या खोलीभोवती तारेचं कुंपण होतं. त्याच्या किल्ल्या दोनच. एक अण्णांकडे, एक त्यांचे साहाय्यक सिताराम खिल्लारे यांच्याकडे.

खरं तर त्या रविवारी अण्णा चुडाव्याला जाणारच होते. आईने जाऊ दिलं नाही. ‘आज नको, उद्या जा,’ म्हणाली. ते हसून पायातली चप्पल काढून बसले. पुढे कितीतरी वर्षं आई स्वतःलाच बोल लावायची, की त्या दिवशी जाऊ दिलं असतं तर कोण आलं ते दिसलं असतं.

पुण्याहून समिती आली. सगळ्यांची विचारपूस झाली. शेवटी अण्णांनी अहवाल लिहिला, की चिपाच भरवशाच्या नाहीत, आपोआप सरकतात, दोष माझ्या कामाचा. प्रकल्प बंद झाला. संस्था सुटली. अण्णा परभणीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले आणि त्या चिपेचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर ते गेले.

जानेवारीत त्यांचे जुने सहकारी डॉ. व्यंकटराव पाथरीकर पुण्याहून घरी आले. फोटोला नमस्कार करून बसले. चहा तसाच निवू दिला. मग म्हणाले, “सत्यशीला, तुझ्या वडिलांनी त्या अहवालात खोटं लिहिलं होतं.”

२

पाथरीकर मूळचे पाथरीचे, कापडदुकानदाराचे चिरंजीव. शाळेपासूनच शहरात, बाहेरगावी राहिलेले. अण्णांवर त्यांचा जीव होता आणि अण्णांशी त्यांची चढाओढही होती. त्यांची स्वतःची माती मोजायची कांडी होती, हातभर लांब. अण्णा तिला ‘व्यंकटरावांची मुसळी’ म्हणायचे.

“संस्था बन्सीधरच्या कामावर एक पुस्तिका काढतेय,” ते म्हणाले. “संक्रांत झाली की छापायला जाईल. मी त्याच्या जुन्या चिपा पुन्हा तपासल्या. वर्षभर पाण्यात ठेवल्या. एकही सरकली नाही, सत्यशीला. एकही नाही. त्याची चिप खरी होती.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर डोळ्याला लावला.

“मग अण्णांनी तसं का लिहिलं?”

“माणूस वाचवायला. चिप खरी, तर कोणीतरी ॲसिड ओतलं. रानात त्या दिवशी एकच माणूस होता. समिती पोलिसांत जाणार होती, मीही होतो तिच्यात. बन्सीधरने चिपेवर घेतलं आणि विषय मिटवला.” त्यांनी पिशवीतून आलेखाची प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. “एक तर चिप खोटी, नाही तर सिताराम. सहा वर्षं चिप खोटी ठरली. आता मी खरं छापणार आहे. नावासकट.”

मी आलेखाकडे बघत राहिले. अण्णांचं नाव परत मिळत होतं. आई ज्यासाठी सहा वर्षं मनातल्या मनात झुरत होती, ते कोणीतरी घरी आणून देत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

पण मला अण्णांच्या तेराव्याचा दिवस आठवला. सिताराम खिल्लारे आले होते. दारापाशी उभं राहून फोटोकडे बघत होते. ‘जेवून जा,’ म्हटलं, तर ‘नको ताई, गाडी हाय,’ म्हणून निघून गेले. पूर्णेची गाडी त्या वेळी नव्हती. मला ते माहीत होतं.

“कशावरून त्यांनीच केलं?” मी विचारलं. “तुमचं आणि अण्णांचंही पटत नव्हतं, काका.”

पाथरीकर हसले. रागावले नाहीत. “रहस्यकथा वाचून वाचून तू पण ना! मी त्या रविवारी पुण्यात होतो, धाकटीच्या साखरपुड्यात. वहिनींना पत्रिका आली होती.”

“आली होती,” आई म्हणाली.

“आणि धोंडप्पा?”

“रान पडीक ठेवायचे त्याला पीक काढण्यापेक्षा जास्त पैसे मिळत होते. तो कशाला बिघडवेल? आणि तो तर शपथेवर सांगत होता, रानात कोणी आलं नाही.” ते उठले. चप्पल घालता घालता थांबले. “सितारामने समितीला सांगितलं, की मी दिवसभर रानातच होतो. दिवसभर तिथे होता, तर ज्याने ओतलं तो त्याला दिसायला हवा होता. एकदा जाऊन त्याला विचार, ते तरी खरं होतं का.”

३

सिताराम खिल्लारे यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान पूर्णा स्टेशनच्या बाहेर, चहाच्या टपरीला लागून होतं. मी गेले तेव्हा ते एका रेडिओचं पोट उघडून बसले होते आणि एक म्हातारे गिऱ्हाईक त्यांच्याशी वाद घालत होते.

“कालच नेला न् आज पुन्हा खरखर करायलाय, सिताराम.”

“रेडू खरखर करत न्हाई, काका. नांदेडहून बातम्याच तशा यायल्यात.”

म्हातारे हसत गेले. मी दिसले तसे सिताराम उठून उभे राहिले. हात पुसले. टपरीवाल्याला दोन बोटं दाखवून चहा सांगितला.

मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पुस्तिका, ॲसिड, नाव. ते ऐकत राहिले. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी टेबलावर ठेवला आणि पुन्हा उचलला.

“माझी पोरगी यंदा दहावीला हाय,” ते म्हणाले. “तिला विज्ञानाला घालायचंय. सरांनीच सांगितलतं. उद्या तिच्या कॉलेजात ते पुस्तक आलं, त्याच्यात बापाचं नाव असं...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“तुम्ही दिवसभर रानात होता का?”

“न्हाई.”

शेजारच्या टपरीवर बशी वाजली.

“पूर्णेत विद्यापीठाच्या नामांतराची बैठक होती. मी सकाळच्या गाडीनं आलो, संध्याकाळी गेलो. रोजंदारीवरचा माणूस, ताई. बैठकीला गेलो म्हणलो असतो, तर त्या दिवसांत मला कोण ठेवलं असतं? म्हणून म्हणलो, रानातच होतो. खोटं बोललो न् त्याच्यातच अडकलो.”

“अण्णांना माहीत होतं?”

“त्यांनाच फक्त. समिती गेली, तसं मी त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणले, ‘सिताराम, आता खरं सांगितलं तर म्हणतील, पहिलं खोटं होतं, दुसरं कशावरून खरं? तुम्ही काही बोलू नका. चिप बोलत नाही. तिच्यावर घेतो.’”

मी चहाच्या पेल्याकडे बघत बसले. अण्णा गेल्यावर मी रडले नव्हते. तिथेही रडले नाही.

सितारामांनी खणातून एक काचेची कुपी काढली. आत कापसावर एक चिप होती, बारीक तारेला जोडलेली. शेजारी एक गंजकी किल्ली.

“ही मधली. खाली न गेलेली. सरांनी मला दिली. म्हणले, ‘ही एक तरी शहाणी निघाली.’ न् ही कुंपणाची किल्ली. कोणी मागितलीच न्हाई. मधलीच वाचली न् किल्ली माझ्याकडं, म्हणून माझ्यावर आलं सगळं, तरी फेकवत न्हाई.”

“तुम्ही नव्हता. अण्णा नव्हते. मग रानात होतं कोण?”

“मी येऊन तेच इचारलं धोंडप्पाला,” सिताराम म्हणाले. “तो महादेवाची आण घेऊन म्हणला, कोणीच न्हवतं. न् ताई, धोंडप्पा खोटी आण घ्यायचा माणूस न्हाई.”

४

परत आल्यावर मी आलेख जेवणाच्या टेबलावर पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर आईचे चार डबे ठेवले.

पाथरीकरांच्या लेखी संशयित एकच होता. माझ्या लेखी आता एकही उरला नव्हता. सिताराम खरं बोलत होते, धोंडप्पा खरं बोलत होते, चिपही खरी होती. तिघेही खरे असतील, तर प्रश्नच कुठेतरी चुकला होता.

आधी मला रेषांचा क्रम दिसला. चारही एकदम घसरल्या नव्हत्या. एक जरा आधी, मग पुढची, मग पुढची. आलेखावर कोपऱ्यांची नावं होती. आधी पूर्वेकडचा, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा, मग उत्तरेचा. एक माणूस बांधाबांधाने गेला होता, रान उजव्या हाताला ठेवून. चोरून ॲसिड ओतणारा रानाच्या मधून तिरपा जाईल, चटकन उरकेल. हा गोल फिरला होता.

दुसरी गोष्ट मधल्या चिपेची. किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याला मधला दगड सगळ्यांत सोपा. तोच तेवढा वाचला होता. समितीला वाटलं, सितारामने यंत्राजवळचा मुद्दाम सोडला. पण ज्याच्याकडे किल्ली नाही, त्यालाही तो सोडावाच लागणार.

आणि तिसरी गोष्ट मला नुसतं बघून समजली नाही, आठवली. रेषा घसरल्या होत्या त्या हळूहळू. दुपारभर, रात्रभर, दुसऱ्या दिवशीही थोड्या. मग दोन-तीन दिवसांनी तशाच सावकाश वर आल्या होत्या.

मी लहान असताना अण्णा चिपेची परीक्षा स्वयंपाकघरात घ्यायचे. ओट्यावर वाट्या मांडायच्या. लिंबू, चिंच, कैरी, ताक. माझे डोळे रुमालाने बांधायचे, प्रत्येक वाटीत बोट बुडवून चाखायला लावायचं आणि जास्त आंबट कोण ते सांगायला लावायचं. मग तीच वाटी चिपेला. ‘बघू, जीभ कोणाची खरी.’ मी नेहमी हरायची. आई ओरडायची, की कैऱ्या लोणच्याच्या आहेत, विज्ञानाच्या नाहीत. आणि अण्णा मीटरच्या काट्याकडे बघत म्हणायचे, ‘लिंबू बघ कसं धावत येतं. आणि ताक बघ, पाहुण्यासारखं रेंगाळत येतं आणि जायचं नाव घेत नाही.’ ताकाचा स्निग्धपणा चिपेवर बसतो, म्हणून काटा सावकाश सरके. ताकानंतर चिप धुवायला मला बसवत.

एकदा त्यांनी चुडाव्याहून काळ्या मातीचं ढेकूळ आणलं होतं. त्यावर लिंबू पिळलं, तर ते फसफसलं आणि लगेच शांत झालं. ‘या मातीत चुनखडी आहे. आंबट पडलं की ती खाऊन टाकते,’ ते म्हणाले होते. म्हणजे ॲसिड असतं, तर रेषा एकदम आपटल्या असत्या आणि तशाच उसळून वर आल्या असत्या. हे काहीतरी वेगळं होतं. सावकाश मुरणारं आणि मातीत गेल्यावरही आंबत राहणारं.

अण्णांना हे दिसलं नसेल? दिसलं असेल. पण सावकाश घसरणारी रेष म्हणजे बिघडलेली चिप, असं सगळं जग मानतं, आणि त्यांना तेच सिद्ध करायचं होतं. शिवाय ताक घेऊन रानाला चक्कर कोण मारेल, हा प्रश्न त्यांना पडणार कसा? ते रेल्वेच्या क्वार्टरात वाढले. त्यांच्या घरात रानही नव्हतं आणि रानाचे सणही नव्हते.

“आई,” मी विचारलं, “त्या रविवारी तू अण्णांना चुडाव्याला का जाऊ दिलं नाहीस?”

ती भाजी निवडत होती. हात थांबला. “किती वेळा सांगू? चुकलंच माझं.”

“चुकलं म्हणत नाही मी. कारण विचारतेय.”

“अमावस्या होती. अमावस्येला गावाला निघू नये, म्हणून म्हटलं उद्या जा.”

आम्ही सगळ्यांनी तो दिवस रविवार म्हणून लक्षात ठेवला होता. सुट्टीचा दिवस, कोणी नसण्याचा दिवस. समितीनेही आणि अण्णांनीही. एकट्या आईला ती अमावस्या म्हणून ठाऊक होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

“मार्गशीर्षातली?”

“संक्रांतीच्या आधीची. आता परवा मंगळवारी येतेय तीच.”

मी पाथरीकरांना फोन लावला. ते अजून परभणीतच होते, बहिणीकडे.

“काका, मंगळवारी माझ्याबरोबर चुडाव्याला चला. सितारामही येतील.”

“मंगळवारी?” आई मागून म्हणाली. “अगं, अमावस्येला निघतेस?”

“म्हणूनच निघतेय,” मी म्हटलं.

५

नामांतराचा निर्णय आज होतो की उद्या, अशी सगळीकडे चर्चा होती. एसटी स्टँडवर पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या आणि बसचा नेम नव्हता. आम्ही पॅसेंजरने गेलो. पाथरीकर खिडकीशी बसले. पूर्णेला सिताराम चढले आणि दाराशीच उभे राहिले.

चुडावा स्टेशनवर उतरून आम्ही गाडीवाटेने रानात आलो. त्या वर्षी रान हिरवं होतं. ज्वारी डोक्याएवढी, मधून हरभरा. अण्णा असते तर सगळ्यांत आधी वाकून ढेकूळ उचललं असतं, असं वाटलं आणि मी जरा मागे राहिले.

पूर्वेच्या कोपऱ्यात येऊन मी थांबले. दगड तिथेच होता. पांढराशुभ्र.

“काका, हा चुना बघा.”

“आम्हीच फासला होता.”

“सहा वर्षांपूर्वी. हा आजचा आहे.” मी बोट लावलं. बोट पांढरं झालं. “प्रकल्प बंद झाला, तरी चिपेच्या दगडाला कोण चुना लावतंय?”

रानाच्या मधोमध तारेचं कुंपण अजून होतं. वेलींनी भरलेलं. आतला पाचवा दगड मातीसारखा काळा पडला होता.

धोंडप्पा बांधावरून आले. कपाळावर भस्माच्या तीन ओळी. आम्हाला बघून त्यांना कोण आनंद झाला.

“या, या! सायबाची लेक का तुमी? तोंडावळा तोच हाय. लय वाईट झालं बघा. सायेब म्हंजे देवमाणूस.” सितारामांकडे बघून म्हणाले, “का रे बाबा, विसरलास आमाला?”

“धोंडप्पा मामा,” मी म्हटलं, “त्या वर्षी समितीने तुम्हाला काय विचारलं होतं?”

“तेच की. रानात कोण आलतं म्हणून. म्या सांगितलं, कोणी न्हाई. आता बी तेच सांगतो. आण घेतो.”

“आण नको. मी वेगळं विचारते. आज रानात कोण येणार आहे?”

“आज?” ते बुचकळ्यात पडले. “आज कोणी न्हाई यायचं. आज येळवस, रान पुजायची अमावस्या. आमी घरचेच.”

तेवढ्यात ज्वारीतून नागुबाई आल्या, धोंडप्पांच्या कारभारीण. डोक्यावर पाटी, पाटीत घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं मडकं. मागे सून. आमच्याकडे बघून त्यांनी मान हलवली, पण थांबल्या नाहीत. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या दगडाला हळदकुंकू वाहिलं. तांब्याने मडक्यातली आंबील काढली, ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवलेली, आणि काही पुटपुटत दगडाच्या बुडाशी ओतली. मग बांध धरून चालू लागल्या. दक्षिणेचा कोपरा. पश्चिमेचा. उत्तरेचा. रान उजव्या हाताला ठेवून.

पाथरीकर बघत होते. तिसऱ्या कोपऱ्याशी त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

येळवसेचं मी आजवर नुसतं ऐकलं होतं. “ही रीत इकडं फार घरांत नाही ना, मामा?”

“न्हाई. नागूचं माहेर उदगीरकडचं. तिकडं येळवसेला घरं ओस पडत्यात, सगळे रानात. आली तवापासून कराय लागलीय.”

“सत्त्याऐंशीलाही केली?”

“न करून कसं चालंल?”

“मग त्या दिवशी रानात कोणी आलं नव्हतं, असं कसं म्हणालात?”

धोंडप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शिकून माझी अक्कल गेली असावी. “आता घरची बाई म्हंजे ‘कोणी’ व्हय? नागू आली, तर कोणी आलं म्हणायचं?”

सितारामांनी हातातली पिशवी बांधावर टेकवली.

नागुबाई फेरी पुरी करून आल्या. मी विचारलं, “मावशी, त्या दगडांनाच का घालता आंबील?”

“आमच्या माहेरी येळवसेला पाच दगडं मांडत्यात, चुना लावून. पांडव म्हणत्यात त्येस्नी. इथं आले तर आमच्यात कोणी मांडीना. मग तुमचे वडील आले.” त्या जरा लाजल्या. “त्यांनी आपल्या हातानं पाच जागी पाच दगडं बसवली, चुना लावला, वाकून वाकून माती सारखी केली. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, न् बघा, रीत पाळतोय. मग मी त्येस्नी उपाशी ठेवू का?”

“तुम्ही समितीला सांगितलं नाही?”

“मला कोणी इचारलंच न्हाई. पुण्याचे सायेब म्हणत होते, रानात औषध टाकलं का, पाणी टाकलं का. ह्येंनी सांगितलं, न्हाई.” त्या पाथरीकरांकडे वळल्या. “तुमीच होता की त्यात. आंबील म्हंजे काय औषध हाय का?”

पाथरीकर दगडाशी वाकून माती बघू लागले. ते म्हणाले, “मोठ्या भेगा होत्या त्या वर्षी. थेट चिपेपर्यंत गेली असणार.” मग माझ्याकडे वळून, हट्टाने: “पण हे सगळं तर्काचं झालं. रेष कुठाय?”

त्यासाठीच सितारामांना बोलावलं होतं. त्यांनी पिशवीतून अण्णांचा जुना मीटर काढला. सेल त्यांनी नवे घातले होते. रात्रभर पाण्यात ठेवून जागी केलेली कुपीतली चिप मीटरला जोडली. सुनेने वाटीभर आंबील दिली. सितारामांनी चिप आत सोडली.

काटा हलला नाही. पाथरीकर वाकले. मग तो निघाला. अगदी सावकाश. थांबत थांबत, पाहुण्यासारखा. आम्ही सगळे, नागुबाईसुद्धा, वाटीभोवती उकिडवे बसलो होतो. मला ओट्यावरच्या वाट्या आठवल्या आणि डोळ्यांवर बांधलेल्या रुमालाचा साबणाचा वास.

“रेंगाळतोय,” पाथरीकर हळूच म्हणाले. त्यांनाही तो शब्द अण्णांकडूनच मिळाला असावा.

ते उठले. सितारामांसमोर जाऊन उभे राहिले. मोठ्या माणसाला माफी मागायची सवय नसते. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि सितारामांनी तो जरा वेळाने धरला.

“सत्यशीला,” ते माझ्याकडे वळले, “ते पान आता नव्याने लिहावं लागेल. काय लिहू?”

“लिहा, की चिप खरी होती आणि माणूसही खरा होता. अण्णांना दोघांतला एकच वाचवता येत होता. त्यांनी माणूस वाचवला.”

“आणि आंबील?”

“तीही लिहा. त्यांना आवडलं असतं. मोजायचं ते मोजून झालं आणि रानाला पत्ताही लागला नाही.”

सुनेने पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. बाजरीचे उंडे, तुरीच्या-वाटाण्याच्या दाण्यांची मिसळलेली भाजी, आंबील. नागुबाईंनी सितारामांना हाक मारली. “ये रे, बस. तुला गाडी न्हाई आता संध्याकाळपोतर. मला म्हाईत हाय टायम.” ते पाथरीकरांच्या शेजारी बसले. पण घास घेण्याआधी ते एकदम उठले आणि कुंपणाकडे गेले.

“धोंडप्पा, हे कुंपण काढलं का न्हाईस रं?”

“सरकारी कुलूप हाय. कोण हात लावणार? नागू दरसाल बाहेरूनच हात जोडते त्याला.”

सितारामांनी खिशातून ती किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं. मीटरसाठी आणलेल्या तेलाचे दोन थेंब सोडले, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. वेली ओढून दार उघडलं.

नागुबाई मडकं घेऊन उठल्या. तळाला थोडी आंबील उरली होती. त्यांनी त्या काळ्या पडलेल्या दगडाकडे पाहिलं.

“एवढी वर्षं उपाशी बसला बघा बिचारा,” त्या म्हणाल्या, आणि तांब्या भरून माझ्या हातात दिला. “तुमच्या वडलांनी बसवलेला हाय. तुमीच घाला.”

मी खाली बसले. दगडाच्या बुडाशी माती हाताने जरा सारखी केली आणि सगळा तांब्या सावकाश ओतला.